निरोप बिघडतो कोठे?

घरात माणसे पाच आणि टेलिफोन एक, अशी स्थिती असली म्हणजे त्या टेलिफोनपायी काय काय प्रसंग उद्भवतात, हे आपणांस निराळे सांगावयास नको. त्याच एका तारेवरून चार-पाच संगणकांनी मिळून इंटरनेट वापरावयाचे, असाही एक काळ आपल्या शहरांतून होऊन गेला. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्य नागरिकांसाठी इंटरनेटची सेवा सुरू केली, आणि त्यानंतर कित्येक वर्षे घरांत, शाळांत व लहान कचेऱ्यांत इंटरनेट म्हणजे टेलिफोनला जोडलेला मोडेम, त्याची ती किंकाळी व गुरगुर, आणि ‘आता कोणी फोन उचलू नका’ अशी स्वयंपाकघराकडे दिलेली ताकीद, असेच समीकरण होते. ती पद्धत आता जवळजवळ लोपली आहे. अमेरिकेतील एओएल या विख्यात कंपनीनेही आपली टेलिफोनवरून चालणारी सेवा ३० सप्टेंबर २०२५ रोजी बंद केली.

मग अस्तास गेलेल्या साधनाची कथा आज कशासाठी, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर असे की, त्या मंद तारेवर सर्व व्यवहार इतक्या सावकाश चाले की, निरोप कोठे बिघडतो हे माणसाला शोधून काढता येई. आजच्या वेगवान साधनांतही निरोप बिघडतोच. पण तो कोठे बिघडला हे पाहण्याची सवय आपण गमावून बसलो आहो. शिवाय वस्तू सामाईक असली की, ती बिघडताच आपण कारणाच्या शोधास लागत नाही, माणसाच्या शोधास लागतो. या दुसऱ्या गोष्टीने एखाद्यावर केवढा अन्याय होऊ शकतो, तेही मला आज सांगावयाचे आहे.

प्रथम मोडेम काय करतो ते पाहू. संगणकाची सर्व भाषा शून्य व एक या दोन अंकांची. टेलिफोनची तार मात्र मनुष्याच्या आवाजासाठी घातलेली. सेकंदास सुमारे ३०० पासून ३,४०० पर्यंत कंपने असलेले ध्वनीच तिच्यातून नीट जातात. तेव्हा या अंकांचे ध्वनीत रूपांतर करणे, व पलीकडून आलेल्या ध्वनीचे पुन्हा अंक करणे, हे मोडेमचे काम. १९९८ साली ठरलेल्या व्ही.९० या प्रमाणानुसार घराकडे येणारा मजकूर सेकंदास ५६,००० अंकांपर्यंत, व घरातून जाणारा ३३,६०० अंकांपर्यंत धावू शके. प्रत्यक्षात तारेच्या गुणाप्रमाणे हा वेग पुष्कळदा बराच कमी पडे.

आता असे समजा की, ३३,६०० च्या वेगाने मजकूर चालला असता तारेवर एकच ‘खर्र’ आवाज झाला, आणि तो सेकंदाचा केवळ शंभरावा भाग टिकला. तेवढ्यात ३३६ अंक त्याच्या तडाख्यात सापडतात. आठ अंकांचा एक गट धरला तर बेचाळीस गट झाले. युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास, म्हणजे कानामात्रा निराळी धरून, असे तीन गट लागतात. म्हणजे पापणी लवण्यापूर्वीच आपल्या पत्रातील चौदा चिन्हे गारद! असे असूनही त्या काळची पत्रे सामान्यतः बिनचूक पोहोचत. हे कसे?

याचे उत्तर आपल्या आजोबांना ठाऊक होते. जुन्या शाळांतून बेरीज केल्यावर नवाचा ताळा पाहण्याची रीत होती. ४,३७२ आणि २,५६१ यांची बेरीज ६,९३३. पहिल्या संख्येतील अंकांची बेरीज सोळा, म्हणजे सात. दुसरीची चौदा, म्हणजे पाच. सात व पाच बारा, म्हणजे तीन. उत्तरातील अंकांची बेरीज एकवीस, म्हणजे तीन. ताळा जुळला. मुलाने ६,९४३ असे लिहिले असते, तर ताळा चार आला असता व चूक तत्काळ उघडकीस आली असती. परंतु त्याने अंकांची अदलाबदल करून ६,३९३ लिहिले, तर? ताळा पुन्हा तीनच! ताळा चूक पकडतो, पण प्रत्येक चूक पकडीलच असे नाही.

इंटरनेटवर जाणाऱ्या मजकुराचे लहान लहान लखोटे करतात, आणि प्रत्येक लखोट्यावर असाच एक ताळा लिहिलेला असतो. टीसीपी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमांत सोळा-सोळा अंकांच्या संख्यांची बेरीज करून तो काढतात. दशमान पद्धतीत दहापेक्षा एकाने कमी म्हणून नवाचा ताळा. येथे ६५,५३६ पेक्षा एकाने कमी, म्हणून तो ६५,५३५ चा ताळा. गणित तेच, आणि उणीवही तीच. दोन संख्यांनी जागा बदलल्या, तर या ताळ्याला त्याचा पत्ता लागत नाही.

याहून कडक पहारा मोडेमच्या पातळीवर असतो. तेथे बेरीज नसून एक प्रकारचा भागाकार असतो, व उरलेली बाकी मजकुराच्या शेवटी जोडतात. बाकी ही अंकांच्या जागेवरही अवलंबून असल्याने अदलाबदल लपत नाही. सोळा अंकी बाकी असली, तर सलग सोळा अंकांच्या टापूत झालेला कोणताही बिघाड ती हटकून पकडते, आणि त्याहून लांब बिघाड सुमारे ६५,५३६ वेळा झाला, तर एखादे वेळीच फसते. १९८८ सालच्या व्ही.४२ या प्रमाणानुसार चालणारे दोन मोडेम बाकी जुळली नाही तर तो तुकडा टाकून देतात व पलीकडच्याला पुन्हा पाठविण्यास सांगतात.

यावरून जो निष्कर्ष निघतो, तोच आजच्या भाषणाचा गाभा आहे. हा पहारा जागा असेल, तर तारेवरच्या खरखरीने मजकूर सहसा बिघडत नाही. तो सावकाश येतो. पुन्हा पुन्हा मागवावा लागतो म्हणून वेळ जातो, इतकेच. खरखर फारच वाढली, तर जोडणी तुटते. म्हणजे मजकूर संथ येणे, जोडणी तुटणे आणि मजकूर बिघडून येणे या तीन निरनिराळ्या व्याधी आहेत. वैद्य ताप, खोकला व अंगदुखी यांना एकच औषध देत नाही. आपण मात्र ‘नेट बिघडले’ या एका शब्दात तिन्ही व्याधी कोंबतो, आणि तेथेच निदान चुकते.

संथपणा घ्या. ३३,६०० अंकांच्या वेगाने तीस लाख गटांची फाइल आणण्यास सुमारे बारा मिनिटे लागतात. त्याच तारेवर पाच जण एकाच वेळी तेवढीच फाइल आणू लागले, तर प्रत्येकास एक तास लागेल. यात कोणाचा अपराध नाही आणि कशाचा बिघाडही नाही. हा साधा भागाकार आहे. सर्वांचे संगणक बंद करून एकच चालू ठेवावा, म्हणजे खरी गती कळते.

तुटणे घ्या. टेलिफोनचा रिसीव्हर उचलावा, एक अंक फिरवून सूचक ध्वनी बंद करावा, आणि शांतपणे कान द्यावा. खरखर, गुणगुण किंवा दुसऱ्याचे बोलणे ऐकू आले, तर दोष तारेत आहे. मग घरातील पॅरलल जोडलेली सर्व उपकरणे काढून पुन्हा ऐकावे. आवाज गेला तर दोष घरात. न गेला तर बाहेर. आपल्याकडे पावसाळ्यात रस्त्यावरील खांबाच्या पेटीत पाणी शिरले की हा अनुभव हमखास येई. दुसऱ्या खोलीत कोणी रिसीव्हर उचलला, किंवा मध्येच दुसरा फोन आल्याची सूचना वाजली, तरीही जोडणी तुटू शके.

राहिला तिसरा प्रकार: मजकूर बिघडून येणे. हा सर्वांत वाईट. कारण न पोहोचलेले पत्र निदान न पोहोचल्याचे कळते, पण चुकीचे पोहोचलेले पत्र खरे मानले जाते. याच्या शोधाची पहिली पायरी म्हणजे तीच फाइल दोनदा आणून दोन्ही प्रती ताडून पाहणे. दोन्ही प्रती सारख्याच बिघडलेल्या असतील, तर दोष मूळ ठिकाणी आहे, किंवा मध्ये कोठे तरी साठविलेली जुनी प्रतच आपणांस पुन्हा मिळत आहे, किंवा फाइल आणण्याची रीतच चुकीची आहे. एफटीपीने फाइल आणताना ती साध्या मजकुराची आहे असे यंत्रास सांगितले, तर ते ओळीच्या शेवटची खूण आपल्या रिवाजाप्रमाणे बदलते. पत्राला त्याने बाधा येत नाही, पण चित्राचा वा आवळून बांधलेल्या झिप फाइलीचा पार विचका होतो, आणि तो प्रत्येक वेळी तसाच होतो.

उलट, दोन प्रती निरनिराळ्या ठिकाणी बिघडल्या असतील, तर दोष वाटेत आहे. मग वाटेचे टप्पे पाडावे. मोडेम ते संगणक ही केबल पाहावी. तेथे सेकंदास १,१५,२०० अंकांचा वेग ठेवला, तर दर सेकंदास ११,५२० अक्षरे संगणकाच्या दारावर थडकतात. जुन्या संगणकांत ती ठेवून घेण्यास एकाच अक्षराची जागा असे. पुढे १६५५० या क्रमांकाच्या चिपमध्ये सोळा अक्षरांची झाली. संगणक दुसऱ्या कामात गुंतला आणि ‘थांब’ असे मोडेमला सांगण्याची तार जोडलेली नसली, की अक्षरे सांडत. तरीही सांडलेली अक्षरे बहुधा पुढच्या ताळ्यात सापडत, व लखोटा पुन्हा मागविला जाई. त्यापुढे संगणकांना एकमेकांशी जोडणारी केबल. गोल केबलीच्या जुन्या जोडणीत दोन्ही टोकांना पन्नास ओहमची टोपणे लागत. एक सैल झाले तरी सर्वांचा व्यवहार ठप्प होई.

इतके सारे पहारे असता मजकूर बिघडून आपल्या हाती पडतोच कसा? श्रोतेहो, पहारा रस्त्यावर असतो, घरात नसतो. जोनाथन स्टोन व क्रेग पार्ट्रिज या दोन संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे दाखविले की, प्रत्यक्ष वाहतुकीत १,१०० लखोट्यांपासून ३२,००० लखोट्यांपर्यंत एखादा लखोटा टीसीपीच्या ताळ्यात चुकतो. आणि तेही रस्त्यावरच्या कडक पहाऱ्यातून सुटून आल्यावर. म्हणजे हे लखोटे रस्त्यावर बिघडलेले नव्हते. ते वाटेतल्या यंत्रांच्या पोटात किंवा टोकाच्या संगणकांतच बिघडले होते.

सामाईक जोडणीत असे एक यंत्र आपल्याच घरी असते. ज्या संगणकाला मोडेम लावलेला असतो तो इतरांचा दरवान. त्यावर प्रॉक्सी नावाचा कार्यक्रम चालत असेल, तर बाहेरचा लखोटा तेथे फोडला जातो, ताळा पाहिला जातो, मजकूर संगणकाच्या स्मृतीत ठेवला जातो, आणि मग नव्या लखोट्यात घालून नवा ताळा लिहून आतल्या संगणकाकडे रवाना होतो. मजकूर त्या स्मृतीतच बिघडला, तर? नवा ताळा बिघडलेल्या मजकुराचा काढला जातो, आणि तो अगदी बरोबर जुळतो! खलित्याची नक्कल करणाऱ्या कारकुनाने एक शब्द चुकवावा आणि त्यावर सरकारी मोहोर उठवावी, तसा हा प्रकार. मोहोर खरी, मजकूर खोटा.

हे नुसते तर्कशास्त्र नव्हे. २००२ साली मी ज्या शाळेत शिक्षक होतो, तेथे पाच संगणक व एक टेलिफोन अशीच व्यवस्था होती. वरिष्ठ कचेरीकडून येणारे परीक्षेचे अर्ज झिप करून येत; ते उघडेनात. लहान पत्रे नीट येत; मोठ्या फाइली मात्र दुपारच्या वेळी हटकून बिघडत. दुपारी संगणकाच्या खोलीत नववीतला एक मुलगा बसत असे. त्याला क्रिकेटपटूंची चित्रे उतरवून घेण्याचा नाद होता. तो ‘लाइन खराब करतो’ असे प्रथम एकाने म्हटले, मग सर्वांनी म्हटले, आणि शेवटी त्याला त्या खोलीत येण्याची बंदी झाली. अर्जांची मुदत जवळ येत चालली होती. मुलाच्या वडिलांना बोलावणे पाठवावयाचे ठरले.

मी मुख्याध्यापकांकडून दोन दिवसांची सवलत मागून घेतली आणि एक वही केली. तीत तारीख, वेळ, फाइल केवढी, कोणता संगणक, खोलीत कोण, व परिणाम काय, असे सहा रकाने पाडले. पहिल्या दिवशी मुलगा खोलीत नव्हता. तरी सहापैकी चार मोठ्या फाइली बिघडल्या. सकाळी आणल्या तरी बिघडल्या. दुपारची वेळ हा निव्वळ योगायोग होता, कारण मोठ्या फाइली आम्ही दुपारीच आणवीत असू. त्याच फाइलीच्या दोन प्रती निरनिराळ्या ठिकाणी चुकल्या होत्या, तेव्हा दोष मूळ ठिकाणी नव्हे, हे ठरले. दुसऱ्या दिवशी इतर सर्व तसेच ठेवून मोडेम तेवढा दुसऱ्या संगणकास लावला. त्या मुलाला बोलावून आणून त्याच्या नेहमीच्या जागी बसविले, आणि चित्रे उतरवून घेण्यास सांगितले. त्याच वेळी सहा मोठ्या फाइली मागविल्या. सावकाश आल्या; परंतु सहाही उघडल्या.

मग पहिला संगणक उघडला. त्यात स्मृतीच्या दोन पट्ट्या होत्या. एक काढून पाहिली, दुसरी काढून पाहिली. एका पट्टीने फाइली बिघडत, दुसरीने बिघडत नसत. लहान पत्रांना ती सदोष जागा क्वचितच लागे. मोठ्या फाइलींना लागल्यावाचून राहात नसे. पट्टी बदलली, अर्ज मुदतीत गेले. मुलावरची बंदी उठली. त्याने एवढेच म्हटले, “सर, मी रोज तेच सांगत होतो.” त्या वाक्याला आम्हां शिक्षकांपैकी कोणापाशीच उत्तर नव्हते.

या सर्व खटपटीत विद्वत्तेचे असे काहीही नव्हते. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपलीकडे गेलेले नाही. तीन गोष्टी मात्र पाळल्या होत्या. एक, जे दिसले ते त्याच वेळी लिहून ठेवणे. स्मरणावर विसंबावयाचे नाही, कारण स्मरणास आपल्या संशयाला अनुकूल तेवढेच आठवते. दोन, एका वेळी एकच गोष्ट बदलणे; दोन बदलल्या आणि गुण आला, तर कोणत्या औषधाने आला ते कळत नाही. तीन, ज्याच्यावर संशय आहे त्यालाही इतर कारणांसारखेच कसोटीला लावणे. संशयिताला दूर ठेवूनही चूक घडते, आणि त्याला जवळ बसवूनही ती घडत नाही, असे दिसले म्हणजे तो सुटला.

अमेरिकेतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेत रिचर्ड हॅमिंग नावाचे गणिती होते. त्यांचे काम शनिवार-रविवारी यंत्रावर चाले, आणि चूक आढळली की यंत्र ते काम सोडून पुढच्या कामाला लागे. यंत्राला चूक झाली एवढे कळते, तर ती कोठे झाली हे का कळू नये, असा प्रश्न त्यांनी स्वतःस विचारला. त्यातून १९५० साली चुका शोधून दुरुस्तही करणाऱ्या अंकलेखनाची त्यांची पद्धती प्रसिद्ध झाली. ‘चूक झाली’ यापासून ‘चूक कोठे झाली’ येथपर्यंतचे अंतर लहान दिसते. पण उपाय सापडतो तो ते ओलांडल्यावरच.

आज आपल्या घरी मोडेमची किंकाळी नाही. एका मोबाइलचे इंटरनेट घरातील चौघे वाटून घेतात. आताचा बहुतेक मजकूर गुप्तलिपीत येतो, व त्यावरील खूण नवाच्या ताळ्यापेक्षा कितीतरी पटीने कठोर असते. त्यामुळे वाटेत बदललेला मजकूर गुपचूप आत शिरणे फार कठीण झाले आहे. परंतु उतरवून घेतल्यावर तो ज्या स्मृतीत व ज्या तबकडीवर राहतो, तेथे बिघाड होऊ शकतोच. म्हणून महत्त्वाची फाइल पाठविणाऱ्याने खूणसंख्या दिली असेल, तर ती ताडून पाहावी. जोडणी अडखळू लागली, तर एकच यंत्र जोडून पाहावे, मग एकेक वाढवीत जावे. संथ, तुटणे व बिघडणे यांतले नेमके काय झाले, ते आधी ठरवावे. आणि ‘हा सारखा खेळत बसतो म्हणून नेट बिघडते’ असे घरातल्या धाकट्याला म्हणण्यापूर्वी कागदावर सहा रकाने पाडून दोन दिवस नोंद ठेवावी.

कदाचित दोष त्याच्याकडेच निघेल. तसे निघाल्यास त्याला वही दाखवून सांगता येईल, व तोही मानील. न निघाल्यास एक निरपराधी बोलणे खाण्यातून वाचेल. दोन्ही बाजूंनी लाभच आहे, आणि खर्च एका वहीचा.